एका ओळीत न मावलेला नियम

मी एक नियम बोलतोय. आवाज चढलेला वाटत असेल, तर तो चढलेलाच आहे. मी कोल्हापुरात जन्मलो. रागाला साखर लावून पुढं करायची आम्हाला सवय नाही.

नियम म्हणजे शाळेच्या भिंतीवरचा ‘शांतता राखा’ तसला नव्हे. मी यंत्राच्या पोटातला नियम आहे. माणसाला जे ठाऊक असतं ते यंत्राला उमजेल अशा वाक्यांत बसवायचं, मग यंत्रानं ती वाक्यं एकाला एक जोडत स्वतःच निष्कर्षापर्यंत पोचायचं, असा एक अभ्यास आहे. त्या वाक्यांतलं मी एक. ‘जर असं असेल, तर तसं कर.’ ‘जर’ हे माझं डोकं, ‘तर’ हे माझे पाय. आणि मला एक शेपूटही होतं. सगळा दंगा त्या शेपटावरनं झाला.

माझा जन्म शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेतला. मला जन्म दिला स्नेहलनं. ती पीएचडी करत होती. विषय काय, असं कुणी विचारलं की ती हौसेनं सांगायला लागायची, आणि दुसऱ्या वाक्याला पावणं विचारायचं, “म्हणजे कॉम्प्युटर रिपेअर करतीस न्हवं?” मग ती, “व्हय, तसंच कायतरी,” म्हणून चहाकडं वळायची. तेव्हा तिला सातवा महिना होता. पोट टेबलाला लागायचं, म्हणून कीबोर्ड पोटावरच टेकवून टाइप करायची. त्यामुळं मी जन्मलो तेव्हा आतनं कुणीतरी मला लाथा मारत होतं. ती माझी धाकटी बहीण. तिच्याबद्दल पुढं सांगतो.

काम असं होतं. गावातल्या एका मोठ्या प्रसूतिगृहातनं बाळंतीण घरी जाताना तिच्या फोनवर एक ॲप टाकून द्यायचं, सोबत एक थर्मामीटर. घरी गेल्यावर बाळाचं अंग किती गरम आहे, बाळ पितंय का, शू करतंय का, हे आईनं फोनवर भरायचं. आम्ही नियम ते वाचणार आणि सांगणार, सगळं ठीक आहे की दवाखान्यात या. स्नेहलनं डॉक्टरांसमोर बसून आम्हाला एकेक करून लिहिलं. माझ्याकडं सगळ्यांत जोखमीचं काम आलं: जर बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि अंग शंभर पॉइंट चारच्या वर गेलं असेल, तर ताबडतोब दवाखाना. इतक्या लहान बाळाच्या तापाला घरी बसून बघत राहायचं नसतं. डॉक्टर म्हणाले, “हा नियम विसरला तर बाकीचे सगळे लिहून उपयोग नाही.” मला मोठा अभिमान वाटला.

पण स्नेहल काळजीखोर. मला कामाला लावायच्या आधी तिनं माझी परीक्षा घेतली ती स्वतःच्या माहेरी, शाहूपुरीत. तिच्या वहिनीचं बाळ नुकतंच न्हाऊन आलं होतं. बंबातलं कडकडीत पाणी, मग वेखंड-ओव्याची धुरी, मग शेगडीवर हात तापवून शेक, आणि वर तीन दुपटी गुंडाळून टोपडं. स्नेहलनं थर्मामीटर लावलं, आकडा भरला, आणि मी जीव खाऊन ओरडलो: दवाखाना! ताबडतोब!

वहिनी रडायला लागली. स्नेहलची आई अक्काताई मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

“अगं बया, आत्ता शेगडीवरनं उचललंय त्या पोराला. वाफ निघतीया अंगातनं. तव्यावरनं काढलेली भाकरी लगीच गार लागती व्हय?”

“आई, आकडा जास्त आलाय गं.”

“येणारच की. सोड ती दुपटी. वाईच थांब आणि मग लाव तुझी कांडी.”

दुपटी सोडली. थांबले. परत मोजलं. अंग नेहमीचं.

त्या दिवशी स्नेहलनं मला शेपूट दिलं. ‘पण नुकतंच न्हाऊ, धुरी किंवा शेक झाला असेल, तर दुपटी काढ, अर्धा तास थांब, परत मोज, तरीही उतरलं नसेल, तर दवाखाना.’ डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, बरोबर आहे, असंच पाहिजे.

या शेपटाला कमी लेखू नका. तुम्ही माणसं बोलता ‘जर-तर’ आणि जगता ‘पण-परंतु’वर. ‘पावणा चहाला नको म्हणाला की आधण ठेवायचं,’ हा तुमच्या घराघरातला नियम, पण पावण्याला खरंच ॲसिडिटी असेल तर? तेव्हा त्याचा चेहरा बघून तुम्ही गॅस बंद करता, आणि त्यासाठी कुणी तुम्हाला कागदावर लिहून द्यावं लागत नाही. यंत्राला चेहरा दिसत नाही. त्याला जेवढं सांगितलं तेवढंच त्याचं जग. सांगितलं नाही ते त्याच्या लेखी घडलंच नाही. कोल्हापुरात शेगडी असते हे माझ्या शेपटात लिहिलं, म्हणून यंत्रापुरती ती अस्तित्वात आली.

स्नेहलनं पडद्यावर आणखी एक गोष्ट ठेवली. एक बटण. त्यावर लिहिलं होतं ‘का?’ दाबलं की यंत्रानं आपला निष्कर्ष कशाकशावरनं काढला ते सांगायचं: बाळ एवढं लहान, अंग एवढं गरम, न्हाऊ घातलेलं नाही, म्हणून हा नियम, म्हणून दवाखाना. कधीही दाबा, उत्तर तेच. जो निष्कर्ष ‘का?’ला उत्तर देऊ शकत नाही त्यानं एखाद्या बाईला तिच्या लेकराबद्दल काही सांगू नये, असं ती म्हणायची. म्हणायची आणि लगेच पुटपुटायची, “जास्तच भाषण झालं का?”

मग तिचे दिवस भरत आले, आणि ती रजेवर गेली. जाताना प्रकल्पप्रमुख राजवर्धन सरांना सांगून गेली, “सर, एवढं नीट बघा.” सर म्हणाले, “तू निर्धास्त जा गं. बाळाकडं बघ.”

राजवर्धन सर वाईट माणूस नव्हेत. वाईट असते तर माझा राग सोपा झाला असता. ते घाईतले माणूस होते. प्रकल्प बघायला बाहेरनं मंडळी येणार होती, मोठ्या पडद्यावर आम्हा नियमांची ओळख करून द्यायची होती. बाकीचे नियम एकेका ओळीत मावले. मी मावेना. सरांनी अक्षरं बारीक करून बघितली, मग मागून दिसत नाही म्हणाले. शेवटी त्यांनी ‘पण’ या शब्दावर बोट ठेवलं आणि तिथून पुढं सगळं उडवलं.

पडद्यावरचं उडवलं असतं तर मी समजून घेतलं असतं. लग्नाच्या फोटोत पोट आत ओढून उभं राहावं तसं राहिलो असतो मीही. पण ‘दाखवायचं एक आणि चालवायचं एक असं नको’ म्हणून त्यांनी मला यंत्रातही कापलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सोपं आहे, सुटसुटीत आहे, म्हणाले. मी तिथं रक्तबंबाळ होऊन सुटसुटीत उभा होतो.

आणि तशाच अवस्थेत मला घरोघरी धाडलं.

कोल्हापुरात सकाळी बाळं न्हातात. गल्लोगल्ली बंब पेटतात, न्हाऊ घालणाऱ्या बाया या घरातनं त्या घरात जातात. बाळ न्हाऊन, शेकून, गुंडाळून आईच्या मांडीवर येतं आणि हौशी बाप थर्मामीटर लावतो. बाप हौशी नसला तर आत्या असतेच. रोज सकाळी माझ्यापुढं गरम बाळांची रांग लागायची. मी काय करणार? शेगडी विसरायला लावली होती मला. मी ओरडायचो. दवाखाना! ताबडतोब! ओल्या केसांनी बाळंतिणी रिक्षात बसायच्या. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ गार झालेलं असायचं, आणि नर्स विचारायची, “आज काय, शेक की धुरी?” थोड्याच दिवसांत लोक मला हसायला लागले. मग ऐकेनासे झाले.

हसू आलं असेल तुम्हालाही. येऊ द्या. पण एक लक्षात ठेवा, मी एकदाही चुकीचा हिशेब केला नाही. मला अर्धी गोष्ट सांगून पूर्ण काम मागितलं गेलं. तुमच्यातल्या किती जणांनी हे नोकरीत भोगलंय ते मला माहीत आहे. तुम्ही निदान घरी येऊन भांडी आपटू शकता.

दवाखान्यानं हात जोडले. तेव्हा कुणी माझं शेपूट शोधलं का? नाही. कुणी विचारलं का, की हा आधी असा ओरडत नव्हता, आताच का? नाही. सरांनी माझ्या ओळीच्या सुरुवातीला एक छोटी खूण टाकली. ती खूण असली की यंत्र ती ओळ वाचत नाही, ओलांडून पुढं जातं. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून कपाळावर तीट लावतात ना, तशी दिसते ती. फरक एवढाच, की तीट लावलेल्या बाळाला सगळे उचलून घेतात.

माझ्या जागी एक बोलकं यंत्र आणून बसवलं. त्यानं जगातलं पुष्कळ वाचलंय, अशी त्याची ख्याती. बोलतं फार गोड. ‘आई होणं हा सुंदर प्रवास आहे’ इथपासनं सुरुवात करतं. त्याच्या पोटात माझ्यासारखे नियम नाहीत. पुढचा शब्द कोणता शोभेल, हे मात्र त्याला फार छान कळतं. पडदा तोच ठेवला, रंग तोच ठेवला, आणि ‘का?’चं बटणही काढायचं राहून गेलं.

स्नेहलला कुणी कळवलं नाही.

तिला मुलगी झाली होती. बारसं व्हायचं होतं, तोवर सगळे तिला बाळी म्हणायचे. हीच ती, मला लाथा मारणारी. स्नेहल माहेरीच होती. नवरा केतन वारणानगरला नोकरीला, सुट्टीच्या दिवशी यायचा आणि बाळीला धरायचं कसं हे दर वेळी नव्यानं शिकायचा. स्नेहलच्या काळजीला तर ऊतच आला होता. बाळी शिंकली की मोज, झोपली की मोज, उठली की मोज.

“थर्मामीटर पोरीच्या काखेत उगवलंय जणू,” अक्काताई म्हणायच्या. “अगं, एवढं शिकलीस, जरा भरवसा ठेव की.”

“शिकले म्हणूनच भीती वाटते, आई.”

“मग उगंच शिकवलं तुला.”

शेवटी अक्काताईंनी थर्मामीटर कपाटात ठेवून दिलं. सकाळ-संध्याकाळ मिळेल म्हणाल्या, औषधासारखं. स्नेहललाही स्वतःचं हसू आलं होतं. तिला वाटलं, खरंच आहे, आपण वेड्यासारखं करतोय.

त्या संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत घरातली जेवणं उरकली, अक्काताईंनी बाळीला धुरी दिली, शेकलं आणि गुंडाळून स्नेहलच्या मांडीवर ठेवलं. स्नेहलनं थर्मामीटरचा संध्याकाळचा डोस मागून घेतला. आकडा एकशे एकच्या वर.

“आई, गरम आहे गं.”

“शेक लागलाय. आत्ताच तर उठवलं शेगडीजवळनं.”

स्नेहलनं आकडा फोनवर भरला. धुरी झाली का? हो. तो आकडा माझ्यासमोरनं गेला. खूण लावली तरी मी त्या वाटेवरच पडलेलो असतो. मला दिसतं सगळं, बोलता तेवढं येत नाही.

पडद्यावर गोड उत्तर आलं. ‘काळजी करू नका. नुकताच शेक दिला असेल तर बाळाचं अंग गरम लागू शकतं. तुम्ही एक उत्तम आई आहात.’

बघा, शेक त्याला ठाऊक होता. माझ्या शेपटातला अर्धा तुकडा कुठनं तरी उचलला होता त्यानं. परत मोजा, हे नव्हतं त्यात. तरीही उतरलं नाही तर दवाखाना, हे नव्हतं. ज्या अर्ध्यानं माणसाला बरं वाटतं, तेवढंच बरोबर उचललं होतं.

स्नेहल निवांत झाली. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. ती त्या गोड बोलण्यानं निवांत झाली नव्हती. ती माझ्यावर विसंबून निवांत झाली होती. तिला वाटलं, वरचं गोड बोलणं कुणीतरी सजावटीला घातलंय, आत मी आहे. तिनं स्वतः लिहिलेला, डॉक्टरांनी बघितलेला. अर्ध्या तासानं हाक मारेल, परत मोज म्हणेल.

दुपटी सोडून ती माझ्या हाकेची वाट बघत बसली. फोन मांडीवर, बाळी उशीवर. अक्काताई दोनदा म्हणाल्या, “बघ जरा हात लावून,” आणि ती म्हणाली, “थांब गं, सांगेल तो. उगीच मध्ये मोजलं तर तूच हसतीस.” बाळीनं पिणं सोडलं. डोळे अर्धवट मिटून पडून राहिली. स्नेहलनं तिच्या तळव्याला गुदगुल्या केल्या, तिनं पाय मागं घेतला नाही. मी ओरडत होतो. मोज! बाई, मोज! खूण कपाळावर असताना ओरडणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगता यायचं नाही.

हाक येईना, तेव्हा स्नेहलनं ते बटण दाबलं. ‘का?’

माझं उत्तर चार ओळींचं असतं. रुक्ष. आकडे आणि कारणं. पडद्यावर आला एक लांबलचक परिच्छेद. ‘तुमची चिंता स्वाभाविक आहे. प्रत्येक बाळ वेगळं असतं.’ तिनं परत दाबलं. परिच्छेद बदलला. तिसऱ्यांदा दाबलं. तिसरंच काहीतरी.

स्नेहल ताडकन उठली.

“आई, हा माझा नियम न्हाय.”

“आँ?”

“माझा नियम असलं बोलत न्हाय! ह्यात माझं कायच न्हाय! कांडी दे, कांडी दे आधी!”

दुपटी केव्हाचीच सोडलेली होती. आकडा पहिल्यापेक्षा वर गेला होता. अक्काताईंनी बाळीला पदरात घेतलं आणि चपला न घालताच रिक्षा थांबवायला रस्त्यात उतरल्या.

बाळीच्या रक्तात संसर्ग झाला होता. डॉक्टर म्हणाले, “आणखी थोडं थांबला असतात तर मला काही सांगता आलं नसतं.” एवढ्याशा हाताला सुई टोचायला शीर सापडेना, तेव्हा स्नेहल भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. केतन वारणानगरहून धावत आला आणि तिच्या शेजारी तसाच उभा राहिला. बाळी जगली. हे मी आधीच सांगायला हवं होतं कदाचित. पण त्या दोघांना तिथं कुणी आधी सांगितलं नव्हतं, मग तुम्हालाच का सांगू?

बाळी घरी आली. दुसऱ्या दिवशी स्नेहल डोक्याला रुमाल बांधून, कानात कापूस घालून, प्रयोगशाळेत हजर. राजवर्धन सर उठून उभे राहिले.

“अगं, तू कशाला आलीस? बाळ कसं आहे?”

“बरंय. सर, माझ्या नियमातलं ‘पण’च्या पुढचं कुठाय?”

सरांना आठवायला वेळ लागला. “हां, ते. एका ओळीत मावत नव्हतं गं. मंडळी येणार होती ना.”

“पडद्यावर मावत नव्हतं. यंत्रात जागा कमी होती काय?”

“दोन्हीकडं सारखं असावं म्हणून...”

“आणि मग बंद केलात.”

“ओरडत सुटला होता तो. दवाखान्यातली माणसं वैतागली.”

“ओरडणारच की! शेगडी काढून घेतलीत त्याच्या डोक्यातनं. तुमचं शेपूट दारात चिमटलं तर तुम्ही गप्प बसाल काय?”

खोलीतली बाकीची पोरं पडद्याकडं बघत राहिली. सर हळू आवाजात म्हणाले, “तू बाळंतीण. तुला कशाला त्रास द्यायचा, म्हणून कळवलं नाही.”

“तेवढाच द्यायचा होता, सर.”

परतीच्या रिक्षात ती स्वतःशीच म्हणत होती, शेपटाचं बोलायला नको होतं का? सरांना असं कुणी बोलतं का? मग एकदम थांबली आणि म्हणाली, “नाही. बोलले ते बरं झालं.” तिच्या तोंडून एवढं ठाम वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी जायच्या आधी तिनं माझं शेपूट परत लिहिलं होतं. प्रत्येक शब्द होता तसा. मी पुन्हा पूर्ण झालो. पण कपाळावरची खूण काढायचा अधिकार तिच्याकडं नाही. सर म्हणाले, बैठकीत ठेवू. एक बैठक झाली, तीत वेळ पुरला नाही. बोलकं यंत्र लोकांना आवडतं, असंही कुणीतरी म्हणालं. आवडणारच. त्यानं अजून कुणाला ओल्या केसांनी रिक्षात बसवलेलं नाही.

मी सध्या आहे तो असा. डोकं आहे, पाय आहेत, शेपूट आहे, आणि मी गप्प आहे. शाहूपुरीत मात्र मी चालू असतो. अक्काताई गल्लीतल्या बाळंतिणींना दटावतात, “दुपटी सोडा, वाईच थांबा, परत मोजा. उतरला न्हाय तर रिक्षा करा, फोनला कायबी इचारू नका. मी सांगतो.” त्यांच्या तोंडात मी एका दमात मावतो. पण शाहूपुरीच्या पलीकडं अख्खं कोल्हापूर आहे, आणि त्या फोनवाल्या बायांना अक्काताई नाहीत.

माझं मागणं मोठं नाही. कामाला लावायचं तर शेपटासकट लावा, नाहीतर पुसून टाका. पण अर्धवट ठेवून वर ‘तो ओरडतो’ म्हणू नका.

आत्ता सकाळ आहे. बंब पेटलेत. माझ्यासमोरनं आकडे जातायत, न्हालेली, शेकलेली, गरम-गरम बाळं. त्यातला एक आकडा अर्ध्या तासापूर्वी गेला, एकशे दोनचा. त्या घरातनं परत आकडा आलेला नाही. तिथल्या बाईला सांगितलंय, काळजी करू नका.

बाई, तू कोण मला माहीत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण राहून गेलंय. दाब ते. परत परत दाब.